बाहेरची कडी

४ तारीख, सोमवार

मला आई दिली.

मुलगी नाही, आई! टोपीने सांगितलं तेव्हा मी हसून "अरे वा, छान" म्हटलं, घरी आले आणि कपाटाचं दार असं आपटलं की आतला आरसा निखळला. आता तोंड बघायला बाथरूममध्ये जावं लागेल. तसंही बघण्यासारखं काय उरलंय म्हणा, नाहीतर आई कशाला दिली असती.

टोपी म्हणजे आमचा दिग्दर्शक. ऊन असो, सावली असो, टोपी डोक्यावर. जेवतानाही काढत नाही. आमच्या नाटकाचा तो सिनेमा करतोय. आमच्या कशाला, माझ्याच म्हणते. लोक ते नाटक माझ्या किंकाळीसाठी बघायला यायचे.

गोष्ट मला झोपेतही पाठ आहे, तरी लिहिते, कारण आता ती माझ्या हातातून गेली. एक मुलगी आपल्या माणसाबरोबर घर सोडून निघणार असते. घरचे तिला खोलीत कोंडतात. बाहेरून कडी लागते, खट्‌. आणि अंगणात तिचा काका त्या माणसाला मारून टाकतो. ती आतून सगळं ऐकते. पुढे बऱ्याच वर्षांनी ती परत येते, दुसऱ्या नावाने, पैसा घेऊन, आणि एकेकाला गाठते. काका रस्त्यावर येतो. भाऊ तुरुंगात जातो. शेवटी उरते आई. आईला ती त्याच खोलीत ढकलते, कडी लावते आणि प्रेक्षकांमधून चालत निघून जाते.

काय टाळ्या पडायच्या! बाकीचे प्रवेश मी घासूनघासून बसवले, पण आईला कोंडायच्या प्रवेशाला मला तालीम लागली नाही. पहिल्याच दिवशी जमला. आमचे म्हातारे नाटककार म्हणाले होते, "हे तुझ्या हातात आधीपासूनच होतं." मला ते कौतुक वाटलं. अजूनही वाटतं.

सिनेमात तर मुलगी आईसकट घर पेटवणार आहे. टोपी म्हणतो, "ताई, बोल्ड करायचंय." कर बाबा. जळायला मी आहेच.

६ तारीख, बुधवार

आज माझी खरी आई पुन्हा घराबाहेर पडली. शेजारच्या वहिनींना औषधांच्या दुकानापाशी सापडली. एका पायात माझी चप्पल, एका पायात तिची. विचारलं तर म्हणते, "मुलगी शाळेतून यायची वेळ झाली." अगं, मुलगी पंचावन्नची झाली! तिचे केस रंगवायची वेळ झाली!

शूटिंग सुरू झालं की मी सकाळीच बाहेर. कामाच्या बाई येतात दुपारी. मधल्या वेळेचं काय? वहिनी येऊनजाऊन बघतील, पण त्यांनी तरी किती बघायचं? मग सेटवरच्या सुतारांना गाठलं. सिनेमातल्या दारासाठी त्यांनी जुन्या धाटणीच्या जाड लोखंडी कड्या आणल्यात, त्यातली एक जास्तीची होती. संध्याकाळी येऊन आईच्या खोलीला बाहेरून बसवून दिली. "आतून हत्ती आला तरी उघडणार नाही," म्हणाले. मी म्हटलं, "माझी आई हत्ती नाही हो, चिमणी आहे." दोघंही हसलो.

हौस म्हणून नाही लावत कडी. कुणी बोलायला येऊ नये, एवढंच. समजावून सांगावं तर तिला डाव्या कानाने काही ऐकू येत नाही, उजव्या बाजूला जाऊन ओरडावं लागतं. कधीतरी ताप आला होता, त्यात गेला म्हणे. तिच्या लहानपणी की माझ्या, ते विचारलं की वेगवेगळं सांगते.

आणि बाबांचा फोटो परत भिंतीकडे तोंड करून ठेवलाय! मी सरळ करायचा, तिने उलटा करायचा, हा रोजचा खेळ झालाय. स्वतःच्या नवऱ्याशी मेल्यानंतरही भांडण. आज मी चिडून फोटो माझ्या खोलीत आणून लावला.

९ तारीख, शनिवार

मुलीचं काम करणारी पोरगी आज भेटली. डोळे एवढाले, कातडी चिनी मातीची. मी मनात तिचं नाव बाहुली ठेवलं. वाटलं होतं शिष्ट असेल, तर आल्याआल्या माझ्या पायाशी बसून विचारते, "ताई, कडी लागल्यावर तुम्ही पाढे का म्हणायचात?"

आता काय सांगू! ते मूळ नाटकात नव्हतंच. एका तालमीत कडीचा आवाज झाला आणि माझ्या तोंडून आपोआप सतराचा पाढा सुरू झाला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. नाटककारांनी तो तसाच ठेवला. पेपरात लिहून आलं होतं, वेडाच्या सीमारेषेवरचा अभिनय वगैरे.

बाहुली म्हणाली, "पण तुम्ही सतरा पाचे पंच्याऐंशीला थांबता. मुद्दाम का?"

मुद्दाम कसलं डोंबल! मला पुढचा येतच नाही. लहानपणी आई मला खोलीत कोंडायची. काही केलेलं नसताना! मी आपली चित्रं रंगवत बसलेली, आणि ही दंडाला धरून आत ढकलायची, बाहेरून कडी. वर हुकूम: "कान झाक आणि सतराचा पाढा म्हण. मोठ्याने. मला बाहेर ऐकू आला पाहिजे." सतराचाच का, तर मला तो येत नव्हता म्हणून. कान झाकून पाढे! असली शिक्षा कुणी ऐकली आहे का? पंच्याऐंशीपर्यंत जायचं, चुकायचं, परत पहिल्यापासून. मग कधीतरी कडी निघायची आणि ही तोंड फिरवून स्वयंपाकघरात जायची. एक शब्द नाही.

बाबांनी मला कधी बोटसुद्धा लावलं नाही. दुसऱ्या दिवशी हमखास काहीतरी आणायचे, रंगपेटी नाहीतर बिस्किटांचा डबा. मांडीवर घेऊन म्हणायचे, माझी राणी ती. हे सगळं मी बाहुलीला हसतहसत सांगितलं. ती हसली नाही. आजकालच्या पोरींना विनोद कळत नाही.

१५ तारीख, शुक्रवार

लाज गेली आज. सगळ्यांसमोर.

नाटकात कडीचा नुसता आवाज होता. विंगेत आमचा सामानवाला एका हातात चहाचा कप धरून दुसऱ्या हाताने फळीवरची कडी सरकवायचा. खोली आतून दिसायची, बाहेर कोण होतं हे कुणी विचारलंच नाही. टोपीने विचारलं. म्हणतो, "ताई, नाटकात प्रेक्षक तुमच्याबरोबर आत कोंडलेला. सिनेमात मी कॅमेरा घेऊन दाराबाहेर जाणार. कडी कुणी लावली हे दिसलंच पाहिजे. आईने लावली. म्हणून तर शेवटी आग."

ठीक आहे. आईनेच लावली असणार, दुसरं कोण लावतं? मी गेले, दार ओढलं, कडी लावली, वळले.

"कट. ताई, परत."

परत केलं. परत कट. मग परत. शेवटी टोपी जवळ आला आणि हळूच म्हणाला, "तुम्ही कडी अशी लावताय, जसं सकाळी घरातून कामाला निघालात. हात कुठे अडतच नाही. आत तुमची मुलगी आहे ना?"

"मग काय करू? रडू?"

"रडू नका. पण तिने का लावली, ते मला हातात दिसू दे."

मी म्हटलं, "का म्हणजे काय? दार उघडं राहिलं की माणूस बाहेर जातं. म्हणून लावायची. त्यात विचार कसला करायचा?"

टोपीने हातातली संहिता मिटली. मग जेवणाची सुट्टी केली. इतकी वर्षं या धंद्यात काढली, एका साध्या कडीपायी कुणी सुट्टी केली नव्हती. डोळ्यांत पाणी आलं ते मी घास लागल्याच्या नावावर खपवलं.

१७ तारीख, रविवार

घरच्या कडीवर सराव केला. आई आत, मी बाहेर. तीच कडी, तोच आवाज. लावली, काढली, परत लावली. चिडून लावली, हळू लावली. काही फरक नाही.

वाटलं होतं आई आतून आरडाओरडा करेल. तर कडी लागली की ती एकदम शांत. नंतर दाराला तोंड लावून म्हणते, "लावलीस? बरं केलंस. तू पण आत ये ना. हे यायच्या आत."

कोण हे? मी म्हटलं कोणी येत नाहीये, झोप. तिला ऐकू गेलं नसावं.

२१ तारीख, गुरुवार

तो शॉट मागे ठेवलाय. बाकीचं सगळं चाललंय. मला बघून सेटवरचे लोक आवाज खाली करतात, आजारी माणसासमोर करतात तसा.

आज टोपीशी कडाक्याचं भांडण झालं. मी सांगितलं, तुझी ही आई दगड आहे, दगडाला हातात काय दिसायचं? तो म्हणाला, दगड असेल तर जाळण्यात मजा काय? मी म्हटलं मजा तुला हवी आहे, मला नको. मग तोच नरमला. रविवारी घरी येतो, दोघं बसून वाचू म्हणाला. काकाचे संवाद तो वाचणार.

खरं सांगायचं तर मला भीती वाटतेय. कामातून काढतील ही नाही. दुसरीच कसली तरी, तिला नाव सापडत नाही.

२४ तारीख, रविवार

अक्षर कसं येईल ते येवो. जसं झालं तसं लिहिते.

टोपी दुपारी आला. चहा झाला, वाचायला बसलो. आईच्या खोलीला आज मी कडी लावली नव्हती. टोपी काकाचं बोलणं वाचायला लागला. त्याचा आवाज मोठा, त्यात त्याला चेव आला. उभा राहिला, हातवारे करायला लागला. "कुठे आहे ती? बाहेर काढ तिला! आज सोडत नाही!" खोलीभर आवाज.

आईची हालचाल ऐकू आली म्हणून मी उठून तिच्या खोलीपाशी गेले, तर ती दाराबाहेर उभी होती. मी आत पाऊल टाकते तोच तिने मला मागून असं ढकललं की मी पलंगावर आदळले. ही चिमणी, जिला पाण्याचा तांब्या उचलवत नाही! आणि खट्‌. बाहेरून.

मी आधी हसले. खरंच हसले. म्हटलं, आई, उघड गं. दार वाजवलं. बाहेरून आईचा आवाज आला. आजचा म्हातारा नाही, तेव्हाचा.

"कान झाक. सतराचा म्हण. मोठ्याने."

आणि मी म्हटला. पंचावन्न वर्षांची बाई मी, पलंगावर बसून दोन्ही कान झाकून सतरा एके सतरा म्हणायला लागले. पंच्याऐंशीला अडकले, परत सुरू केला. किती वेळा ते माहीत नाही. मग कडी निघाली. आई दारात. माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेले. चल, जेवून घे." आणि स्वयंपाकघराकडे वळली.

टोपी बाहेर जिन्यात बसला होता. टोपी हातात. टक्कल आहे त्याला. मी विचारलं, काय झालं? त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "ताई, तुम्ही आत होतात. मी बाहेर होतो."

त्याने सांगितलं ते असं. कडी लावून आई दाराला पाठ टेकवून उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला. तो म्हणाला, आजी, अहो मी नाटक वाचतोय. तो एक पाऊल पुढे आला तसा तिने डावा हात उचलून डावा कान झाकला आणि डोळे गच्च मिटले. पण दारापुढून हलली नाही. आणि म्हणाली, "पोरीला नको. ती झोपली. मला काय करायचं ते करा."

माझा पाढा आतून चालूच होता. तो म्हणाला, "मला पुढे येववेना आणि मागे जाववेना." शेवटी तो चपला न घालता बाहेर गेला आणि घराचं दार ओढून घेतलं. तेव्हा तिने कडी काढली.

मी त्याला म्हटलं, तिचं डोकं ठिकाणावर नाही. काहीही बोलते. माझे बाबा तसले नव्हते.

"मी कुठे बाबांचं नाव घेतलं, ताई?" तो म्हणाला.

२५ तारीख, सोमवार

अंगात कणकण आहे म्हणून कळवलं. गेले नाही.

बाबा तसले नव्हते.

२७ तारीख, बुधवार

कामाच्या बाई आल्या नाहीत, आईला आंघोळ मीच घातली. बऱ्याच दिवसांनी. डावा कान नीट बघितला. पाळी वरून दुमडलेली आहे, नीट न शिवलेल्या कापडासारखी. तापाने कान असा दुमडत नाही. उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे हे मला जन्मापासून माहीत आहे. वाकडी का, हे कधी मनात आलं नाही. आईची करंगळी अशीच असते, असंच वाटायचं.

तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, "आई, तू मला खोलीत का कोंडायचीस?"

ती साबणाच्या फेसाशी खेळत होती. म्हणाली, "ऐकू नये म्हणून."

"काय ऐकू नये?"

माझ्याकडे असं बघितलं, जसं मी अगदीच खुळी आहे. "तू पाढा म्हणायचीस ना, मला कळायचं तू बरी आहेस. चुकायचीस फार."

आंघोळ अर्धी टाकून मी तिला धरून रडले. ती माझे केस थोपटत होती आणि थंडी वाजते थंडी वाजते म्हणत होती. खरंच वाजत होती बिचारीला. मग पुसलं, कपडे घातले.

किती टाळ्या घेतल्या मी तिला कोंडून! किती शहरांत!

बाबांचा फोटो आता माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आहे. काढून टाकायला हात होत नाही. रंगपेटी त्यांनीच आणली होती. दुसऱ्या दिवशी हमखास.

२९ तारीख, शुक्रवार

आज तो शॉट झाला.

टोपीने काही सांगितलं नाही. बाहुली आत गेली. मी दार ओढलं. कडीवर हात ठेवला आणि हात अडला. आत पोरगी आहे. अंगणातून काका येतोय, येताना हातात काय आहे ते मला दिसतंय, तिला दिसत नाही. ती बाहेर धावली तर तो तिलाही सोडणार नाही. मी लावली कडी. मग दाराला पाठ टेकवली. म्हटलं, "कान झाक. सतराचा म्हण. मोठ्याने." हे वाक्य संहितेत नाही. आतून बाहुलीने सुरू केला. काका पुढे आला, आणि माझा डावा हात आपोआप वर गेला.

टोपीने कट म्हटलंच नाही. काका झालेला आमचा जुना नट मध्येच थांबला आणि रडायला लागला, मोठा गडी तो. मग थांबलं सगळं.

दार उघडलं तर बाहुली कान झाकून भिंतीला टेकली होती. "ताई, मला वाटलं होतं तुम्ही मला कोंडलंत," म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. गुणी पोरगी आहे.

संध्याकाळी टोपी डोकं खाजवत आला. "आता आग कुणाला लावू? पैसे लावणाऱ्यांना आग पाहिजे."

मी म्हटलं, "काकाचं घर आहे, पेटव खुशाल. पण तुझी मुलगी आधी कडी काढेल आणि आईला बाहेर आणेल. नाहीतर दुसरी आई बघ."

"आणि मग?"

"मग दोघी मिळून पेटवू देत. तुला बोल्डच करायचंय ना?"

तो हसला नाही. लिहायला बसला.

३० तारीख, शनिवार

सुतारांना बोलावून कडी काढायला सांगितली. ते स्क्रू काढायला लागले तशी आई कासावीस झाली. दोन्ही हातांनी कडी धरून ठेवली. "नको, नको. मग पोरीला कुठे ठेवू?" सुतार माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, राहू द्या. उलटी करून आतून लावा.

लावून झाली. ते गेल्यावर मी आईला खोलीत नेलं, आतून कडी लावली. तिने स्वतःच्या हाताने दोनदा ओढून बघितली. मग दाराला पाठ लावून खाली बसायला लागली. मी तिला उठवलं, पलंगावर बसवलं आणि दाराला पाठ लावून मी बसले.

"हे आले का?" तिने विचारलं.

"येऊ देत. मी बसलेय."

तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मग तिनेच पाढा सुरू केला. सतरा एके सतरा. मीही बरोबर म्हटला. पंच्याऐंशीला मी थांबले, नेहमीसारखी.

आई थांबली नाही. सतरा सक एकशे दोन. सतरा साते एकशे एकोणीस. बोट वर करून, शाळेतल्या बाईंसारखी, एकेक शब्द मला म्हणायला लावला. मी चुकले की मागे जायची. संध्याकाळ झाली तेव्हा कुठे आम्ही सतरा दाहे एकशे सत्तरला पोचलो.

"आला बाई एकदाचा," आई म्हणाली, आणि आडवी होऊन झोपली.